रुखवतातली सुरी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका एका पोलादावर जीव टाकणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. लोक सोन्यावर भाळतात, जमिनीवर भाळतात. आमचे मावसोबा भाळले ते 'चारशे चाळीस सी' नावाच्या स्टीलवर. एमआयडीसीतल्या एका बेअरिंगच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी भट्टीखात्यात काढली आणि तिथंच त्यांना या स्टीलचं दर्शन घडलं. दर्शन हा त्यांचाच शब्द. केडगावच्या घरी चहाला कुणीही येवो, विम्याचा एजंट असो की लग्नपत्रिका द्यायला आलेला भाऊबंद, त्याला हे ऐकावंच लागे. "साध्या पोलादाला कडकपणा हाय, पर ते गंजतं. भांड्याचं स्टील गंजत न्हाई, पर त्याला धार ऱ्हात न्हाई. ह्या गड्याला दोन्ही जमतं! शंभरात एक भाग कार्बन, सतरा भाग क्रोमियम. बास!" एवढं बोलून ते डोळे मिटून घेत. पाहुण्याचा चहा गार होई, पण उठायची त्याची छाती होत नसे.

मी त्या स्टीलची जन्मकथा त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, तरी खरं सांगतो, दर वेळी अंगावर काटा येतो. ते म्हणे नारिंगीच्याही पुढं जाईपर्यंत तापवायचं, तेलात बुडवून एकदम गार करायचं, मग बर्फालाही हुडहुडी भरेल अशा थंडीत ठेवायचं, आणि सरतेशेवटी पुन्हा मंद आचेवर शेकायचं. हा शेवटचा शेक चुकला, की एवढं कडक स्टील काचेसारखं तडकतं. त्याच्याच बेअरिंगच्या गोळ्या होतात, पंपाच्या झडपा होतात, डॉक्टरांची हत्यारं होतात. एकदा दाताच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात हत्यार घातलं, तर यांनी त्यांचं मनगट धरून हत्यार बाहेर काढलं, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं, "आपलंच हाय" म्हणाले आणि पुन्हा समाधानानं तोंड उघडलं. मावशी एवढंच म्हणाली, "ह्यांनाबी भट्टीतून काढलं, तेलात बुडवलं, न् शेक द्यायचा तेवढा राहिला."

मावशी हे गमतीनं म्हणत नव्हती. त्यामागं एका सुरीची गोष्ट होती. मावसोबांची एकुलती एक मुलगी रेखा. तिचं लग्न सोनईला ठरलं, तेव्हा त्यांनी रुखवतासाठी स्वतःच्या हातानं एक सुरी घडवली. पातं अर्थात चारशे चाळीस सीचं. मूठ शिसवीची. कित्येक रविवार ते त्या सुरीपाशी बसून होते, आणि शेवटी तिच्या पात्यात बघून स्वतःच्या मिशा विंचरून त्यांनी ती पसंत केली. लग्नात रुखवत मांडलं होतं. लाडू, चकल्या, डबे, कळश्या आणि मधोमध मखमलीवर ती सुरी. आता आमच्याकडं स्टीलची पारख करायची एकच रीत आहे. चुंबक लावायचं, चिकटलं तर माल खोटा. विहीणबाई हौसेनं कनवटीला चुंबक लावूनच आल्या होत्या. डबे झाले, कळश्या झाल्या, सगळं खरं निघालं. मग चुंबक सुरीजवळ नेलं, तर सुरीनं टणकन उडी मारून त्याला मिठीच मारली. "अगं बया, हे तर लोखंड निघालं!" विहीणबाई म्हणाल्या, आणि मांडवातल्या बायका खो खो हसल्या.

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मावसोबा उभे राहिले. धार धरणारं स्टील चुंबकाला चिकटणारच, तोच त्याचा धर्म आहे, हे त्यांनी तिथं समजावायला घेतलं. भटजी खुणा करत होते, वाजंत्री खोळंबली होती, पण भट्टीतून तेल आणि तेलातून थंडी यायच्या आत हा माणूस थांबणं शक्यच नव्हतं. आणि ऐकतो कोण? शेवटी ते मावशीला म्हणाले, "ज्या घरानं माझ्या सुरीला लोखंड म्हनलं, त्या घराचा उंबरा मी चढनार न्हाई." आणि ते चढले नाहीत. रेखानं घर बांधलं, वास्तुशांतीला मावशी एकटी गेली. नातीचं बारसं झालं, हे केडगावातच राहिले. रेखा दिवाळीला यायची आणि निघताना पाया पडून विचारायची, "बाबा, कधी येताय?" ते "बघू" म्हणायचे आणि ती रिक्षात बसली की परसात जाऊन उगाच काहीतरी घासत बसायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी रेखाचा फोन आला. "बाबा, सुरीची धार गेलीय. सासूबाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. काय करू?" मावसोबा ताडकन उठले. "चारशे चाळीस सीची धार जाती? बघूच!" धार लावायचे दगड त्यांनी फडक्यात गुंडाळले आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

सोनईला ते तो उंबरा चढले तेव्हा तो उंबरा आहे हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. ते तडक स्वयंपाकघरात शिरले आणि थबकले. ओट्यावरच्या भिंतीत जुन्या स्पीकरचं चुंबक ठोकलेलं होतं, आणि त्याला ती सुरी चिकटून लटकत होती. पात्यावर गंजाचा ठिपका नाही. "कापून झालं की धुवायची, पुसायची, न् हितं लावायची," विहीणबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या. "चिकटती म्हनून तर बरं हाय. तवा आमाला कळलं न्हाई, पाव्हनं." मावसोबांनी सुरी काढली, वर्तमानपत्राच्या कागदावर अलगद टेकवली. कागद आवाज न करता दोन झाला. धार गेलेली नव्हतीच. त्यांनी रेखाकडं पाहिलं. ती खाली मान घालून कणीक मळत होती. खाली बसले, दगड भिजवला आणि ज्या धारेला काही झालं नव्हतं तिला कितीतरी वेळ धार लावत राहिले. नात त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती.

मग त्यांनी मूठ पुढं करून सुरी विहीणबाईंसमोर धरली. त्या मागं सरल्या. "खाली ठेवा, पाव्हनं. हातात सुरी दिली की भांडन लागतं."

"ते झालं आपलं भांडून," मावसोबा म्हणाले. "घ्या."

विहीणबाईंनी ती हातात घेतली.

परत येताना घोडेगाव मागं पडलं. मग मावसोबा म्हणाले, "पुढल्या महिन्यात यावं लागंल रं परत. धार जाती."

त्या स्टीलला त्यांनी नावं ठेवलेली मी तेवढी एकदाच ऐकली.