बिनआवाजी खेळ

"आईच्या लक्षात कसं आलं नाही?" ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला असं विचारलं, तेव्हा माझी मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. तिला दोन्ही कानांनी निम्म्याहून कमी ऐकू येतं, हे त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. ती तेव्हा तिसरीत होती. हे जन्मापासूनचं की नंतरचं, ते त्यांनाही सांगता येईना. माझ्या लक्षात का आलं नाही, हे मात्र मी सांगायला हवं होतं. ते आता सांगते.

आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याची भिंत एकच आहे. भिवंडीत याचं कुणाला नवल वाटत नाही. लूम चालू असले की मांडणीवरची ताटं सरकत सरकत कडेला येतात, म्हणून मी पुढे दोरी बांधून ठेवली आहे. हळू बोलणं आमच्याकडे नाहीच. मीठ मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. हाक मारल्यावर पोराने वळून बघितलं नाही, तर आमच्या गल्लीतली कुठलीही आई एकच समजते, की लूमच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. मग जवळ जाऊन ती पाठीत एक धपाटा घालते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन पोरं असल्या खोलीत रमवून दाखवा आणि मग मला प्रश्न विचारा. शाळेच्या बाई दरवर्षी वर्गाच्या ग्रुपवर सल्ले पाठवतात. मुलांना बागेत न्या, झाडं ओळखायला शिकवा, पैसे न खर्चता आनंद मिळवा. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कुठली बाग, बाई? गल्लीच्या तोंडाशी एक मोकळी जागा होती, पोरं तिथे लगोरी खेळायची. कारखान्याच्या मालकाने ती टेम्पो उभे करायला भाड्याने दिली. आम्ही चार बायका त्याच्याकडे तक्रार घेऊन गेलो, तर त्याने चहा पाजला आणि म्हणाला, वहिनी, हल्ली पोरं मोबाईलवरच तर खेळतात. त्याच्या स्वतःच्या नातवासाठी गच्चीवर झोपाळा आणि घसरगुंडी आहे, ती आमच्या खिडकीतून दिसते. आम्ही तो चहा पिऊन मुकाट परत आलो, याचाच मला अजून जास्त राग येतो.

मोबाईल आमच्याकडे एकच, आणि तो नवऱ्याबरोबर ड्युटीवर जातो. नवरा लूमवर कामाला, तिथून रिकाम्या कांड्या आणायचा. सूत संपलं की उरतात त्या प्लास्टिकच्या नळ्या. पोरांनी त्यांचे किल्ले केले, विमानं केली, आठवडाभरात सगळं करून झालं. वर्षातून एकदा मी दोघांना एसटीने गणेशपुरीला नेऊन कुंडाच्या गरम पाण्यात पाय बुडवून आणते. तो एक दिवस झाला. उरलेल्या सुट्टीत ती एकमेकांच्या झिंज्या उपटायची.

शेवटी नवऱ्याने एक खेळ काढला. लूमवर काम करणारी माणसं एकमेकांशी आवाज काढून बोलत नाहीत, कारण उपयोग नसतो. नुसते ओठ हलवतात, सोबत हाताची एखादी खूण. तेवढ्यावर पार दुसऱ्या टोकाच्या माणसाला धागा तुटल्यापासून घरातल्या भांडणापर्यंत सगळं कळतं. ते बोलणं त्याने पोरांना शिकवलं. एकाने वर गॅलरीत उभं राहून बिनआवाजी एक शब्द बोलायचा, खाली गल्लीत उभ्या असलेल्याने तो ओळखायचा. भाजीचं नाव, गावाचं नाव, काहीही.

खर्च शून्य. वर, लूम जितके जोरात तितका खेळ रंगायचा. गल्लीतली सगळी पोरं यायला लागली, मराठी आणि हिंदी दोन्ही शब्द चालायचे. माझी मुलगी कधीच हरायची नाही. 'खारबाव' हे गावाचं नाव कुणालाच ओळखता येईना, ते तिने चुटकीसरशी सांगितलं. मोठाली पोरं तिच्यापुढे गार पडायची. मी तर हवेतच होते. जावेला फोन करून ऐकवलं, की तू भर शिबिरांचे पैसे, माझी पोरगी फुकटात तयार झाली.

शाळेत मात्र हीच पोरगी मठ्ठ ठरली. फळ्याकडे तोंड करून सांगितलेलं तिला काही कळत नाही, तिचं लक्षच नसतं, अशी बाईंची तक्रार. म्हणून त्यांनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. लक्ष नसलेल्या मुलीला मागे ढकलणाऱ्या बाईंना कुणी काही विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते मला.

घरी ती माझ्याशी बोलताना माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवायची. मला तो लाड वाटायचा. आवडायचाही.

कळलं ते शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद असतात, नवरा घरी होता आणि गॅलरीत चहा पीत बसला होता. पोरांचा खेळ चालला होता. माझा धाकटा सारखा हरून चिडला होता. त्याने तोंडावर दोन्ही हात धरले आणि चक्क मोठ्याने 'भोपळा' म्हणाला. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, शेजारणी हसल्या. मुलगी खालून ओरडली, की हात काढ, चिटिंग करू नकोस, मला दिसत नाही. तो पुन्हा तसाच 'भोपळा' म्हणाला. तिने पुन्हा हात काढायला सांगितलं. मीही हसत होते. नवऱ्याने कप खाली ठेवला.

"लूम बंद हाय आज," तो म्हणाला. "मंग हिला का न्हाय ऐकू आलं?"

मग ठाणं, तपासण्या आणि तो प्रश्न. कानातली यंत्रं मिळवायला किती उंबरठे झिजवले ते सांगत बसत नाही. ज्या दिवशी ती तिच्या कानांत बसली, त्या दिवशी परतताना पोरगी खुशीत होती. एसटीची घंटा, फेरीवाल्याची हाक, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळं मला बोट दाखवून सांगत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. दोन्ही हात कानांवर ठेवले.

"मम्मी, हे रोज एवढं वाजतं?"

मी मान हलवली. कधी बंद होतं, असं तिने विचारलं. शुक्रवारी, मी म्हटलं.

खोलीत आल्याबरोबर तिने दोन्ही यंत्रं काढली, डबीत ठेवली आणि झाकण लावलं. डॉक्टरांनी दिवसभर घालायला सांगितली होती. मी तिच्यावर ओरडले, मग मालकाला, बाईंना, सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि लाटणं उचलून मागच्या भिंतीवर हाणत सुटले. पलीकडे कुणाला ऐकू जाणार होतं? ताटं तेवढी सरकत दोरीला येऊन टेकली.

मुलगी जवळ आली. तिने माझी हनुवटी धरली, माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि नुसते ओठ हलवले. शुक्रवारी घालीन.