तुटला का सुटला

रफिक पटवेगारला चार पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. गल्लीला ठाऊक आहे, हे तेवढं रफिकला ठाऊक नव्हतं. संक्रांतीच्या आसपास एकदा त्यानं धोंडुबाईंच्या दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याला "काकी, उन्हात कशाला उभ्या, या की आत," म्हणून बोलावलं. लुगडं काही आलं नाही. धोंडुबाई मात्र खिडकीतच होत्या, आणि त्यांनी बघितलेली गोष्ट दुपारच्या चहाच्या आत कोपऱ्यावरच्या तिकटीपर्यंत पोचली.

धंदा म्हणाल तर गाठी मारायचा. सोनारांच्या गुजरीच्या मागच्या बोळात त्याची एवढीशी बैठक. बायकांचे साज, ठुशा, मोहनमाळा रेशमात गाठवून द्यायच्या. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास अडकवायचा, दोरा ताणायचा आणि मणी, गाठ, मणी, गाठ करत वर गोंड्यापर्यंत यायचं. बाप हेच करायचा, आज्जाही हेच. बाप गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचा, "दोरा तुटला तर आणा, नवा घालून देतो. गाठ सुटली तर सांगा, बैठक उचलतो." त्याच्या हयातीत बैठक जागची हलली नाही.

बापाची आणखी एक शिस्त होती. दोऱ्याला तोंड लावायचं नाही. बायामाणसांच्या गळ्यात जायचा डाग, सोन्याचा दागिना, त्याला थुंकी कशी चालेल? लहानपणी रफिकनं एकदा गाठ दातांत धरली, तेव्हा बापानं अशी वाजवली की कान संध्याकाळपर्यंत वाजत होता.

आता रफिक पंचावन्नचा. रक्तात साखर, ती पाच-सहा वर्षांची. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. डॉक्टरनं डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला सांगून चिठ्ठी दिली, ती त्यानं रेशमाच्या डब्यात घातली आणि वर रिळं रचली. बायको रशिदा आठवड्यातून एकदा तरी विषय काढायचीच.

"अजी, आँखें कब दिखाते?"

"दिसतंय की मला. तुझं नाक दिसतंय."

"माझं नाक आंधळ्यालाबी दिसंल."

मग तो माशांचा विषय काढायचा.

मासे हा रविवारचा उद्योग. जोडीदार कोडोलीचा कृष्णात. म्हशी आहेत, दूध घालतो, तोंडानं फटकळ. वीस वर्षं दोघं वारणेच्या काठाला गळ टाकून बसत आलेत. गेल्या पावसाळ्यापासून मात्र कृष्णात एक गोष्ट बघत होता. गळाच्या भोकात तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, घालताना रफिकचा हात भोकाच्या शेजारून जायचा, परत यायचा, परत शेजारून जायचा. पांढराधोप नायलॉनचा तंगूस, लांबून कृष्णातला दिसायचा आणि हातात धरलेल्या रफिकला दिसायचा नाही.

फेब्रुवारीत दोघं शाहबाजच्या दुकानात गेले. शाहबाज गळ, रिळं, काठ्या विकतो आणि बोलतो त्याच्या दुप्पट. त्यानं काउंटरवर एक पाकीट आपटलं. वर भल्यामोठ्या जबड्याचा परदेशी मासा.

"फ्लोरोकार्बन," शाहबाज म्हणाला. "तिकडं बास नावाचा मासा आसतोय, त्याच्यासाठी वापरत्यात. पाण्यात गेला की गेला. माशाला दिसत न्हाय."

"फुलोरा काय?" कृष्णात म्हणाला. "आणि आमच्या मरळीला हे इंग्लिश झेपंल व्हय?"

"दिसत न्हाय म्हंजे?" रफिकनं विचारलं. "कुणालाच न्हाय?"

"काचंगत आसतोय. नीट बघाय लागतंय."

रफिकनं पाकीट हातात घेतलं ते सोडलंच नाही. मरळ मिळेल न मिळेल, पण जो तंगूस कुणालाच दिसत नाही, तो आपल्याला दिसला नाही तर हसणार कोण?

शाहबाजनं सगळं समजावून सांगितलं. वीस पौंड वजन पेलणारा घेऊ नका, रिळावर स्प्रिंगगत उसळतोय. बारा पौंडाचा पुरे. हा बुडतो, त्यामुळं वर तरंगणाऱ्या रबरी बेडकाच्या आमिषाला नको, तळाला न्यायच्या रबरी गांडुळाला बांधा. रीळ सगळं ह्यानं भरू नका, मागं विणलेला दोरा ठेवा आणि पुढं दोन वाव, आठेक हात, हा. मधली जोडगाठ त्यानं स्वतः मारून दिली. "दगडाला घासला तर बोटं फिरवून बघा, खरखर लागली की तेवढा कापून टाका. आणि रफिकचाचा, गळाची गाठ आवळायच्या आधी तोंडात धरून ओली करा आणि हळू ओढा. कोरडी ओढली तर घासून तापती, जळती, मग धरत न्हाय. मासा गेलाच तर टोक बघा. सरळ आसंल तर तुटला. कुत्र्याच्या शेपटीगत वळलं आसंल तर सुटला."

"गाठी मला शिकवतोस?" रफिक हसला. शाहबाज कान धरून हसला. कृष्णात तेवढा हसला नाही.

रविवारी सकाळी साडेसातला दोघं बंधाऱ्याखाली. पाणी नितळ, तळाचे गोटे मोजावेत इतकं. रफिकनं गळ आभाळाकडं धरला आणि तंगूस घालायला लागला.

"लबाड हाय ह्यो," तिसऱ्यांदा चुकल्यावर तो म्हणाला. "दिसतच न्हाय."

"माशाला दिसू नये म्हणून केलाय. तुला दिसू नये म्हणून न्हाय."

"तू तुझ्या काठीकडं बघ."

पाचव्या खेपेला टोक भोकातून गेलं, ते बोटाला कळलं. रफिकनं पीळ घातले, टोक मागं घेतलं, फास जुळवला आणि सवयीनं ओठांपाशी नेला. तिथंच थांबला. बापाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण कान अजून जागेवर होता. नदी दोन हातांवर होती, पाण्यात बुडवून घेता आलं असतं. पण गाठ ओली करायची, हेच त्या हातांना मान्य नव्हतं. त्यानं कोरडी ओढली. बोटाला वाटलं, बसली.

नवाच्या सुमाराला मरळ लागली. काठी वाकली, रीळ ओरडायला लागलं. "दगडाकडं जाऊ देऊ नको," कृष्णात आपली काठी टाकून उठला. पाण्यात एकदा काळी पाठ दिसली, मांडीएवढी. रफिक मागं रेलला, आणि एकाएकी हातातलं वजन गेलं. काठी सरळ झाली. तो तसाच खाली बसला.

दोरा गुंडाळून वर आला. शाहबाजची जोडगाठ जिथल्या तिथं. पुढचे दोन वाव आख्खे. गळ मरळीबरोबर गेलेला.

"तुटला," रफिक आधीच म्हणाला.

कृष्णातनं टोक तळहातावर घेतलं. ते वळलं होतं, अगदी बारीक, गोल. एरवी हा माणूस एका निसटलेल्या माशाच्या चेष्टेवर पुढच्या रविवारपर्यंत जेवला असता. आता त्यानं ते टोक बोटानं सरळ करून बघितलं, ते परत वळलं. 

"आईचा साज तूच गाठवलास न्हवं?" कृष्णातनं हळूच विचारलं. "परवा न्हेला त्यो?"

"मग कोण गाठवणार? धोंडुबाई?"

"न्हाय, इचारलं. आज रविवार. आई जोतिबाला निघालीया, भावकीतल्या बायका हायत संगं. दहाची जीप. साज घालूनच जाणार म्हणत हुती."

रफिकनं टोक त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बोटांत फिरवत बसला. कोरडी ओढली म्हणून सुटली, असं त्यानं स्वतःला सांगितलं. शाहबाजनं बजावलं होतं, आपण ऐकलं नाही, संपला विषय. पण रेशमाला थुंकी लागतच नाही. रेशमाची गाठ कोरडीच मारायची. मग साजाची एखादी गाठ सुटली तर काय सांगायचं? आणि गुरुवारची दुपार त्याला आठवायला लागली. आभाळ भरून आलेलं, बोळात उजेड नाही. गोंड्याखालची शेवटची गाठ त्यानं तीनदा सोडून तीनदा मारली होती, आणि तिसऱ्यांदा बसली का ते न बघताच वर गोंडा ओढला होता. बघून दिसणार तरी काय होतं?

जोतिबाच्या पायऱ्या. ती गर्दी, तो गुलाल. त्यात कृष्णातच्या आईच्या, बयाबाईंच्या गळ्यातून एकेक सोन्याचं पान ओघळतंय.

"गाडी काढ," तो म्हणाला.

कोडोलीत दारासमोर जीप उभीच होती. आत बायका दाटीवाटीनं बसलेल्या, बयाबाई एक पाय पायरीवर ठेवून नारळाची पिशवी वर देत होत्या. गळ्यात साज. रफिकला साज दिसला नाही, हिरव्या लुगड्यावर पिवळं काहीतरी हललेलं दिसलं.

"मासं कुठं हायत रं?" बयाबाईंनी विचारलं. "हात हलवत आलासा दोघं?"

"काकी, साज द्या जरा."

"आत्ता? आरशात बघून घातलाय की."

खोटं त्यानं वाटेतच जुळवून ठेवलं होतं. "गोंडा तिरका बसलाय. सरळ करून देतो."

"तुला एवढ्या लांबनं गोंडा दिसला व्हय?" बयाबाई म्हणाल्या. त्यांना चेष्टाच करायची होती. जीपमधल्या बायका हसल्या. कृष्णात चप्पल बघत उभा राहिला.

बयाबाईंनी साज काढून दिला. रफिक सोप्यात टेकला, पायाच्या अंगठ्याला टोक अडकवलं आणि डोळे मिटले. मिटल्यावर हात बरा चालतो, हे त्याला कधीपासून कळलं होतं. खालून एकेक गाठ नखानं चाचपत तो वर आला. पहिली घट्ट. दुसरी घट्ट. पान, मणी, गाठ, पान, मणी, गाठ. सगळ्या बसलेल्या. दहा-बारा झाल्यावर त्याचा श्वास मोकळा झाला, विसाव्या गाठीला तर तो मनात शाहबाजला शिव्या द्यायला लागला, की तुझ्या त्या कोरड्या-ओल्यानं जीव घेतलास. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला.

गोंड्याखालच्या गाठीला नख लागलं आणि ती उघडली. ओढावंही लागलं नाही. दोन मणी आणि एक पान त्याच्या मांडीवर येऊन पडलं.

"तुटला व्हय?" बयाबाई जवळ आल्या. "जुनाच दोरा हुता का? आसूं दे, नवा घाल."

वाट अशी समोर मोकळी करून ठेवलेली. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. दारात कृष्णात होता. म्हणजे उजेडात एक काळा डाग होता.

"तुटला न्हाय, काकी," रफिक म्हणाला. "सुटला."

बयाबाईंनी त्याच्या बापाच्या हातचे तीन साज बघितले होते. 

"तुझा बाप काय म्हणायचा म्हाईत हाय न्हवं?"

"हाय."

"मग?"

"मला दिसत न्हाय, काकी. वरीस झालं. जास्तच झालं."

बयाबाईंनी वाकून त्याच्या मांडीवरचं पान आणि मणी उचलले. एक मणी त्याच्या पायाशी घरंगळला होता, तोही त्यांनीच उचलला. सगळं रुमालात घेतलं, रुमालाला गाठ मारली. रफिकनं हात पुढं केला होता, परत गाठवून द्यायला. तो हात त्यांना दिसला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, दाबला आणि रुमाल घेऊन आत गेल्या. कपाट उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला.

"डोळं दावून ये आदी," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मोकळ्या गळ्यानं त्या जीपमध्ये बसल्या आणि बायकांनी साज कुठाय विचारलं तर म्हणाल्या, "गर्दीत कशाला."

जीप गेल्यावर रफिकनं खिशातून दुसरा गळ काढला. काठी मांडीवर घेतली, वळलेलं टोक कापलं. या वेळी दुसऱ्याच खेपेला भोक सापडलं. पीळ घातले, फास जुळवला आणि गाठ तोंडात धरली. जिभेला प्रत्येक पीळ वेगळा लागला. एक दुसऱ्यावर चढला होता, तो जिभेनंच खाली सारला. मग ओली गाठ हळूहळू ओढली.

"वड," तो म्हणाला.

कृष्णातनं गळ पकडीत धरून दोन्ही हातांनी ओढला. "बसलीया."

"ही बसली," रफिक म्हणाला. "बायकांच्या डागाला हे चालत न्हाय."

कृष्णातनं गळ काठीला अडकवला आणि त्याला घरी सोडायला गाडी काढली. 

घरी आल्यावर रफिकनं रेशमाचा डबा रशिदापुढं सरकवला. "तळाला चिठ्ठी हाय. वाच."

रशिदानं रिळं बाजूला केली. चिठ्ठीला घड्या पडून रेशमाचा लाल रंग लागला होता. तिनं ती उजेडाला धरून वाचली.

"काय लिवलंय?"

"महिन्याच्या आत दाखवा, म्हणून लिवलंय."

"तारीख?"

रशिदा चिठ्ठी घडी करायला लागली.

"तारीख सांग की."

"दोन वरसां झाली जी," ती म्हणाली.