सहा डबे आणि सुशीलावहिनी

सोलापुरात स्पीकरच्या वायरीतलं माझ्याएवढं कुणालाच कळत नाही! चौथीत दोनदा बसलोय आणि घरातला बल्ब अजून बायकोच बदलते, तेवढं सोडा.

आमच्यासारखे जुने मागवाले एकत्र बसले की किस्से मागाखालच्या सुतासारखे साठतात. झाडायचं कुणीच मनावर घेत नाही. हे सगळे माझ्या दोस्ताच्या, दत्तूच्या घरचे.

*

चाळीस वर्षं आम्ही दोघं पॉवरलूमवर होतो. कान तिथंच ठेवून आलो. दत्तूची बायको सुशीलावहिनी गेल्या वर्षी वारली. ती असताना सुनेनं एकदा आमच्या चहाच्या बैठकीचं शूटिंग केलं होतं. पोरानं ते लॅपटॉपमध्ये घालून दिलं आणि तो पुण्याला गेला. वहिनीचे ओठ हलताना दिसायचे, पण ऐकू काही येईना. लॅपटॉपचा आवाज म्हणजे डासाचा!

दत्तूनं कान थेट बटणांवर टेकवला. चित्रच गायब!

"बापू, पुसली का रं ती?"

म्हटलं, "कानानं टायपिंग करणारा तू पहिलाच!"

तो हसला नाही. चित्र परत यायला दुपार झाली. तोवर त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

*

मग आम्ही सात रस्त्याला स्पीकरच्या दुकानात गेलो. स्पीकरवाला म्हणाला, "फाइव्ह पॉइंट वन देऊ?"

दत्तू म्हणाला, "पाचच द्या. पॉइंटाला घरात जागा न्हाय."

"आजोबा, तो पॉइंटच सगळ्यात मोठा डबा हाय!"

सहाही डबे घरी आणले. दोन डबे ऐकणाऱ्याच्या पाठीमागं लागतात म्हणे. दत्तूची खोली दहा बाय दहा, पाठीमागं मोरी! एक डबा मोरीच्या कठड्यावर बसला.

म्हटलं, "झालं! वहिनी आता भांडी घासता घासता बोलनार."

*

पोरानं पुण्याहून फोनवर सांगितलं, "वायर नको बाबा, ब्लूटूथ करा. नाव दिसेल, त्याच्यावर क्लिक करा."

नावं दिसली दोन. शूटिंग चालूच होतं, क्लिक मी केलं! आमचे सहाही डबे मुके, आणि भिंतीपलीकडं शेजारची पद्मक्का किंचाळली, "अय्यो!"

वहिनी पद्मक्काच्या नातीच्या स्पीकरमधून बोलत होती!

पद्मक्का धापा टाकत दारात आली. घाबरून पांढरी पडली होती. दत्तूनं एवढंच विचारलं, "काय म्हनाली?"

"साखर संपली म्हनाली!"

दत्तू उठला आणि साखरेचा डबा उघडून बघून आला.

*

शेवटी स्पीकरवाला स्वतः येऊन गेला. हिरवी पिन लॅपटॉपच्या भोकात घातली, एक गाणं वाजवलं, पत्रे हादरले. "आता बटण दाबा की झालं," म्हणाला आणि गेला.

दत्तूनं आधी चहा टाकला. "तिचं बोलनं चहा घेतच ऐकायचं," म्हणाला. त्याची पाठ फिरली आणि माझे हात शिवशिवले. पिन हळूच अर्धी बाहेर ओढली. म्हटलं, मिनिटभर घाम फोडू, मग घालू!

दोन कप पुढ्यात ठेवून त्यानं बटण दाबलं. वहिनीचे ओठ हलले, आणि मोठ्या डब्यातून नुसतं घूं… घूं…

म्हटलं, "दत्त्या, माग चालू झाला की रं!"

त्यानं पुन्हा दाबलं. घूं. पुन्हा दाबलं. घूं. मग तो खालीच बसला. मोरीवरचा डबा काढला, त्याची वायर हाताला गुंडाळायला लागला.

"ऱ्हाऊ दे बापू. तिलाच बोलायचं न्हाय माज्यासंगं."

आयुष्यात हजार लोकांची टिंगल केली. पण तेव्हा मला हसू येईना. पिन आत दाबली.

"काय केलंस?"

"काय न्हाय. धूळ हुती."

दत्तूनं गुंडाळलेली वायर सोडली, डबा परत मोरीवर ठेवला. मी बटण दाबलं. आधी आला माझाच आवाज, ढगासारखा: "वहिनी, मी मेल्यावर हा पानचट चहा कुनाला पाजनार वो?"

आणि चारी भिंतींकडून, मोरीतूनसुद्धा, वहिनी:

"तुमी कुटं मरताय भावजी! आदी मीच जाते. मग बगू की, तुमा दोगास्नी चा कोन देतंय ते!"