खिळे ठोकलेली खिडकी

कान्होजी स्वतःच्या सावलीवरही विश्वास ठेवत नसत. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, पण महालाच्या दारावर पहारा देता देता जडलेली संशयी नजर काही गेली नाही. आता शिंदे की छावनी या जुन्या लष्करी वस्तीतल्या एका खोलीत ते दरबारी वस्त्रांची जुनी जर जाळून, राख तेजाबात टाकून चांदी काढत. ज्या शेल्या-पटक्यांना मुजरे केले, तेच! हे शेजाऱ्यांनी पाहिलं तर तोंड कुठं दाखवायचं? म्हणून खिडकीवर त्यांनी पोतं टांगलं होतं, आणि तांबूस धूर आतच कोंडे.

पण दाल बाजारातून परतावं, तर पोतं सरकलेलं! संशय गेला शेजारच्या संभाजीरावांवर, जुन्या पलटणीतल्या सोबत्यावर.

"चांदीवर डोळा आहे त्याचा."

त्यांच्या पत्नी कुसुमताई नुसत्या खोकल्या. त्या हिवाळ्यात साधी सर्दीही त्यांच्या छातीत उतरे. एक ताप हटला की दुसरा हजर. संभाजीनंच आपल्या बायकोला काही खायला घातलं असेल, असंही कान्होजींना वाटू लागलं. संक्रांतीला त्याच्या घरून आलेला तिळगूळ त्यांनी दारातूनच परत धाडला आणि खिडकीवर फळी ठोकली.

थोड्याच दिवसांत कुसुमताईंना श्वास घेववेना. न सांगता संभाजीराव डॉक्टर मधुसूदनांना घेऊन आले. संशयाला आणखी काय हवं?

डॉक्टरांनी उंबऱ्यातच नाकाला रुमाल लावला. "न्यूमोनिया आहे. फुप्फुसांतही पहारा असतो, कान्होजी. जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, घाण बाहेर लोटणारे बारीक केस असतात. या आंबट धुरानं तो पहाराच मोडलाय. मग येईल तो रोग आत शिरणारच."

"हे तुम्हाला यानं पढवलं!"

संभाजीराव भडकले. "अरे, पोतं मीच सरकवायचो! वहिनींचा खोकला ऐकवत नव्हता. तू आत काय करतोस ते सगळ्या छावनीला मालूम आहे. तेजाबाची बू कधी छुपती है क्या?"

 कान्होजी फळीचे खिळे उपटू लागले. बोटं सोलली तरी थांबले नाहीत.

कुसुमताई वाचल्या. तेजाबाची भांडी गावाबाहेर मोकळ्यावर गेली. पण छाती पूर्वीसारखी झाली नाही. फूलबागेपर्यंत जाताना त्या वाटेत कुठंतरी टेकत, धाप आवरत. साऱ्या गल्लीवर नजर ठेवणारे कान्होजी तेवढा वेळ जमिनीकडं बघत उभे राहत.