मेट्झगर म्हणजे कोण?

पुण्याहून मँचेस्टरला जायला व्हिसा लागतो, तिकीट लागते, आणि थोरली बहीण असेल तर सोबत एक कामगिरीही मिळते. माझी कामगिरी सुधाताईने विमानतळाकडे निघताना, टॅक्सीच्या खिडकीतून आत वाकून, पुन्हा एकदा सांगितली. "मुकुंदा, राणीचा राजवाडा नाही बघितलास तरी चालेल. माणसं नीट बघून ये."

माणसे म्हणजे मेट्झगर कुटुंब. ताईची एकुलती एक मुलगी ऋता काही वर्षांपासून मँचेस्टरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने टॉम मेट्झगर नावाच्या मुलाशी लग्न ठरवले. मुलगा जन्माने इंग्रज, आडनावाने जर्मन. ताईने फोटो पाहिला, नोकरी विचारली, उंची विचारली, आणि मग तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडे नेहमी सगळ्यात शेवटी आणि अगदी सहज म्हणून विचारतात. "मेट्झगर म्हणजे कोण?"

यातल्या 'कोण'चा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

भावजी जाऊन चार वर्षे झाली होती. आता लग्नाला जायचे की नाही, हे मुकुंद पाहून आल्यावर ठरेल, असे ताईने जाहीर केले होते. ऋता फोनवर म्हणाली होती की आई नाही आली तरी लग्न करणारच. आणि हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटले होते की त्यावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता.

मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला. त्यामुळे माणसे बघण्याआधी पुस्तके बघण्याची खोड आहे. ताईच्या प्रश्नाचे उत्तर मला विमानात बसण्याआधीच ठाऊक होते. मेट्झगर म्हणजे खाटीक.

जर्मन मुलुखात मध्ययुगात शहरे वाढली आणि एकेका गल्लीत चार-चार हान्स झाले, तेव्हा त्यांना वेगळे ओळखायला नावापुढे धंदा लावू लागले. दळणारा म्युलर, लोहार श्मिट, शिंपी श्नायडर. आजही त्या देशात सर्वांत जास्त आढळणारी आडनावे हीच. खाटकाची गंमत अशी की त्याला सगळीकडे एक शब्द नाही. नैर्ऋत्येला तो मेट्झगर, पूर्वेकडे फ्लायशर, उत्तरेला श्लाख्टर, ऑस्ट्रियात फ्लायशहाकर. म्हणून मेट्झगर आडनावाची दाटी आजही नैर्ऋत्येलाच दिसते, आणि नुसत्या आडनावावरून पूर्वज कुठल्या अंगाचा ते साधारण सांगता येते. शब्दाचे मूळ बहुतेक लॅटिनमध्ये, आतड्यांत मांस भरून विकणाऱ्या माणसाच्या नावात असावे. विद्वानांचे एकमत नाही. म्हणजे विषय चांगला आहे.

आता आमच्याबद्दल. आम्ही सबनीस, म्हणजे किल्ल्यावर शिपायांची हजेरी मांडणारे. ताई पडली दप्तरदारांकडे, म्हणजे सरकारी कागद सांभाळणारे. दोन्ही घराणी मिळून कारकुनांची. पण ताई "आमचं पेशवाईतलं घराणं" म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याला घोडे दिसतात.

मँचेस्टरला ऋता घ्यायला आली होती. ट्राममध्ये बसल्या-बसल्या तिने विषयाला हात घातला. "मामा, आईला एवढं डिटेलमध्ये नको ना सांगूस. मर्चंट सांग. टेक्निकली दे सोल्ड थिंग्ज."

"काय विकत होते?"

"फूड," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर ओल्या लाल विटांची घरे एकामागून एक जात होती. सगळी सारखी, आणि प्रत्येकाच्या दाराचा रंग तेवढा वेगळा. नावाची जुनी सोय मला तिथे नव्याने पटली. यातले एखादे घर शोधायचे तर नुसते 'विटांचे घर' म्हणून भागणार नाही.

शनिवारी मेट्झगरांकडे जेवायचे आमंत्रण होते. ते बरी नावाच्या गावी राहतात. मँचेस्टरहून उत्तरेला जाणाऱ्या ट्रामचे हे शेवटचे स्टेशन, आणि बाजार तिथून पायी दोन मिनिटांवर. बाजार मोठा, झाकलेला, आवाजी. गावाची कीर्ती ब्लॅक पुडिंगसाठी (डुकराच्या रक्तात धान्य मिसळून केलेले सॉसेज). ती काळीभोर कडी आकड्यांना टांगलेली पाहून मी नजर दुसरीकडे वळवली, तर तिथे तीच. ऋता फुले घ्यायला गेली. मला भूक लागली होती. एका ठेल्यावर चीझ आणि कांद्याचा पाय (आत सारण भरून भाजलेली बंद वाटी) दिसला. ठेलेवाल्या बाईने "हे घे, लव्ह" म्हणून तो कागदात गुंडाळून हातावर ठेवला. लग्नाच्या चाळीस वर्षांत मला इतक्या सहज कोणी लव्ह म्हटलेले नव्हते. मी तो उभ्या-उभ्या खाल्ला. अप्रतिम होता. पारी अशी खुसखुशीत की अनरशाने मान खाली घालावी.

शेवटचा घास तोंडात असताना टॉम आला. उंच, किडकिडीत, शाळेत विज्ञान शिकवणारा मुलगा. त्याने वाकून नमस्कार केला, "कसे आहात मामा?" हे पाठ केलेले मराठी म्हटले, आणि मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहून त्याचा चेहरा पडला. तो व्हीगन आहे (दूध, तूप, मध, प्राण्यापासून आलेले काहीच न खाणारा). बरीतल्या कुठल्या ठेल्याच्या कुठल्या पारीत काय आहे, हे त्याला आपल्या सोवळ्यातल्या मावश्यांइतके चोख माहीत असते. अत्यंत हळुवारपणे त्याने मला सांगितले की हा पाय डुकराच्या चरबीत मळलेला असतो.

मी खाटकाच्या घरची तपासणी करायला सात समुद्र ओलांडून आलो होतो, आणि उंबरठ्यापर्यंत पोचायच्या आतच माझा निकाल लागला होता. फुले घेऊन आलेली ऋता हसून-हसून जमिनीवर बसायची बाकी राहिली. "मामा, आता तू काही बोलूच शकत नाहीस."

मेट्झगरांच्या घरात शिरताच समोरच्या भिंतीवर सिंह दिसला. सोनेरी चौकटीत ढाल, ढालीवर दोन पायांवर उभा लाल सिंह, वर शिरस्त्राण, खाली लॅटिन. टॉमचे वडील रॉजर, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ, मला घेऊन त्याच्यापुढेच उभे राहिले. हे मेट्झगर घराण्याचे मानचिन्ह, असे त्यांनी सांगितले. कुठे मिळाले, असे विचारल्यावर ते जरा घुटमळले. समुद्रकाठी सुट्टीला गेले असताना एका दुकानात आडनाव सांगितले, आणि दुकानदाराने ते छापून दिले. त्याच दुकानात त्याच सिंहाचे पेले आणि किल्ल्यांच्या साखळ्याही होत्या. या सिंहाने आणखी किती आडनावांची सेवा केली असेल, हे मी विचारले नाही.

रॉजरची कल्पना अशी होती की लग्नपत्रिकेवर दोन्ही घराण्यांची मानचिन्हे शेजारी-शेजारी छापावीत. आमच्याकडचे काय, असे त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर विचारले. ऋताने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "पेशवाई सांग," ती मराठीत पुटपुटली.

मी तोंड उघडणार एवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या डॉरिसबाई बोलल्या. या रॉजरच्या आई, नव्वदीला टेकलेल्या. त्यांनी काटा खाली ठेवला. "सिंह-बिंह काही नव्हता. दारावर डुक्कर होतं."

"मम," रॉजर आईला थांबवत म्हणाले.

"लोखंडी. गुलाबी रंगाचं. मी त्याच्याखालून लग्न होऊन आले."

मग त्यांनी जे सांगितले ते अर्धे त्यांच्या सासूकडून ऐकलेले होते, अर्धे स्वतः पाहिलेले. त्यांच्या नवऱ्याचे आजोबा होहेनलोहे भागातून आले. म्हणजे नैर्ऋत्येकडूनच, माझ्या पुस्तकांची लाज राखून. त्या भागात शेत एकाच मुलाला मिळे. बाकीच्यांनी धंदा शिकायचा आणि वाट धरायची. तिथले कितीतरी तरुण खाटिककाम शिकून उत्तर इंग्लंडच्या गिरणीगावांत आले आणि त्यांनी डुकराच्या मांसाची दुकाने थाटली. गिरणीतून सुटलेल्या बायकांना घरी चूल पेटवायला वेळ नसे. त्या गरम मांस आणि पाव घेऊन घरी जात. गंमत म्हणजे हे आजोबा आडनावाने खाटीक होते म्हणून खाटीक झाले नव्हते. त्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्या शेतकरीच होत्या. आडनाव धंदा सोडून पुढे गेले होते, आणि धंद्याने त्याला योगायोगाने इंग्लंडात गाठले.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडभर जर्मन दुकानांच्या काचा फुटल्या, तशा याही दुकानाच्या फुटल्या. दगड मारणारे आदल्या दिवसापर्यंतचे गिऱ्हाईक होते. पुष्कळ जर्मनांनी नावे बदलली. आजोबांनी नावाची पाटी उतरवली, पण दुसरे नाव घेतले नाही. डुक्कर तेवढे ठेवले. लोक "डुकराकडे जाऊन ये" म्हणत आणि येत. युद्ध संपल्यावर पाटी परत चढली.

"मला शाळेत पोरं डुकराचे आवाज काढून दाखवायची," रॉजर बशीकडे बघत म्हणाले. "सहा वर्षं. तुला माहीत आहे, मम."

त्या सिंहाला हसायची माझी सगळी तयारी होती. ती मी मुकाट्याने आवरली. या माणसाने एक ढाल विकत घेतली होती, आणि ढाल ज्या कामासाठी असते त्याच कामासाठी घेतली होती.

मग मी माझ्या घराण्याची कुळकथा सांगितली. सबनीस म्हणजे हजेरी मांडणारा, दप्तरदार म्हणजे कागद सांभाळणारा. घोडे नव्हते, असलेच तर आम्ही ते मोजत होतो. मानचिन्ह काढायचेच झाले तर एक कान आणि त्यावर खोचलेला बोरू (लिहायची टोकदार कांडी). रॉजर आधी सभ्यपणे हसले, मग खरे हसले.

जेवणानंतर टॉमने मला मागच्या अंगणातल्या खोपटात नेले. गवत कापायच्या यंत्रामागे ते डुक्कर होते. रंग उडालेला, एक कान गंजलेला. डॉरिसबाईंनी ते टाकू दिले नव्हते, आणि टॉमला ते लग्नात दाराशी हवे होते. मांसाचा कण न खाणारा तो मुलगा त्या डुकराची पाठ हाताने पुसत होता. मला वाटले, आपल्याकडे खाटकाचा मुलगा शिक्षक झाला, तरी त्याला भाड्याने घर देताना आणि मुलगी देताना आडनाव पुन्हा वाचले जाते. इथे कोणी मेट्झगर न्यायाधीश असो की दंतवैद्य, शब्दाचा अर्थ कोणी विचारत नाही. रॉजरला छळले ते दुकानाने आणि डुकराने; दुकान बंद झाले, छळ संपला. आपल्याकडे दुकान कधीच बंद होत नाही.

तिथेच, खोपटाच्या दाराशी, ताईचा फोन आला. ऋता धावत आली. तिचा चेहरा पाहून मला 'व्यापारी' हा शब्द जिभेवर आला. पण मग ही मुलगी जन्मभर त्या एका शब्दावरची धूळ पुसत बसली असती, रॉजर सिंहावरची पुसतात तशी.

"ताई, मेट्झगर म्हणजे खाटीक," मी म्हणालो. "नावानंही आणि कामानंही. डुकराचं दुकान होतं. आता नाही."

पलीकडे काहीच ऐकू येईना. ऋताने डोळे मिटून घेतले.

"माणसं कशी आहेत?" ताईने विचारले.

"चांगली आहेत. आपल्याइतकीच पोकळ, आणि आपल्यापेक्षा लवकर कबूल करणारी."

"मुलगा खातो ते?"

"मुलगा मांस खात नाही. अंडं नाही. दूध, दही, तूप, काहीच नाही."

"तूप नाही?"

"मधसुद्धा नाही."

या वेळची शांतता पहिलीपेक्षा मोठी होती. खाटकाला ताईने एका श्वासात पचवले होते; हे तिला जड जात होते.

"मग पुरणपोळीवर काय घेतो?"

"काही नाही. ऋताने केली होती म्हणे एकदा. तशीच खाल्ली."

"कोरडी?" ताई म्हणाली. आयुष्यात कुठल्याही जातीबद्दल मी तिला इतक्या व्यथित स्वरात बोलताना ऐकलेले नाही. "कोरडी पोळी वाढली पोरीने? फोन दे तिला."

मी फोन ऋताला दिला. नारळाचे दूध, असे शब्द ऐकू आले. कोकणात खातात तसे. घट्ट काढायचे, वेलदोडा, गूळ, जायफळ नको. ऋता नुसती हं हं करत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते. शेवटी ती म्हणाली, "अगं पण तू येऊनच कर ना." मग पुन्हा थोडा वेळ हं हं. मग फोनवर हात ठेवून तिने मला सांगितले, "मामा, ती विचारतेय, पुरणयंत्र चेक-इनमध्ये टाकायचं की केबिनमध्ये."

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. बरीचा पाय मी कोणालाही सांगितला नाही. ताईने हे वाचले तर तिला आत्ताच कळेल.

पुण्याला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईकडे गेलो. शेजारच्या लीलाताई आल्या होत्या, आणि ऋताच्या सासरची चौकशी चालली होती. लीलाताईंनी सगळे विचारून झाल्यावर, अगदी सहज म्हणून विचारले, "मेट्झगर म्हणजे कोण हो?"

मी चहाचा कप खाली ठेवला. ताईने पदर सारखा केला, पाठ ताठ केली, आणि पेशवाईबद्दल बोलताना लावते तोच आवाज लावला.

"खाटीक. फार जुनं घराणं आहे ते. दारावर लोखंडी डुक्कर होतं त्यांच्या."