आत्याच्या शिकवणीचा सत्कार

माझे वडील वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना नावं ठेवाल, आणि मीही तेच करणार आहे.

आम्ही बोईसरला स्टेशनजवळ राहायचो. वडील मालधक्क्यावर कारकून. त्यांची विधवा बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच असायची आणि शिवणकाम करायची. तेव्हा तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं. स्टेशनमागच्या वस्तीतली, सालवडची, कोळीवाड्यांतली अठरा-वीस वर्षांची पोरं भरतीला जायची. ठेकेदाराचा माणूस पुढ्यात ड्रॉइंगचा कागद टाकायचा. वाचता आला तर फिटरच्या हाताखाली, नाही तर डोक्यावर घमेलं.

असाच नापास झालेला एक जण आमच्याकडे आला तो बहिणीच्या झंपराचं कापड त्याच कागदात गुंडाळून. आत्याने कापड बाजूला ठेवलं आणि कागदावर इस्त्री फिरवली. "अरे, हे तर बेतणंच आहे," ती म्हणाली. "हा पुढचा भाग, ही बाजू, हे वरून."

मग रोज संध्याकाळी पडवीत तिची शिकवणी सुरू झाली. जुनी वर्तमानपत्रं कापून ती झंपराचे भाग करायची, टेपाने मापं घ्यायला लावायची, आणि मग ड्रॉइंग पुढे ठेवायची.

"आमी काय चोल्या शिवाला आलो काय?" एकाने दात काढले.

"आधी चोळी कळू दे मेल्या, मग पाइप!"

वस्तीतली कितीतरी पोरं तिच्या हाताखालून फिटरकडे गेली. सगळे तिला आत्याच म्हणायचे.

गणेशोत्सवात मंडळाने सत्कार करायचं ठरवलं. आत्याने ते ऐकलं आणि स्वतःसाठी नवं झंपर बेतायला घेतलं. नवरा गेल्यापासून तिने स्वतःचं काही नवं शिवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी बघत राहिले तर म्हणाली, "मला हवाय गं हा सत्कार. खोटं कशाला बोलू?"

आदल्या दिवशी मंडळाचे दोघे घरी आले, चहा प्यायले आणि मुद्द्यावर आले. बाईचा सत्कार म्हणजे हळदकुंकू लावून ओटी भरायची. विधवेची ती कशी भरणार? आणि न भरता नुसता नारळ हातात द्यावा तर तेही बरं दिसत नाही. तेव्हा सत्कार वडिलांचाच करू, घर तर एकच! आत्या आत कपबशा विसळत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. वडील म्हणाले, "ठीक आहे."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माझ्या बापाने शाल घेतली, नारळ घेतला आणि पोरांच्या भवितव्यावर भाषणही ठोकलं. हीच पोरं म्हणजे टोळकं, पडवीत नको, असं वर्षभर म्हणत होते. मागून एक जण ओरडला, "पन शिकवलं आत्यानी!" त्याला कोणीतरी खाली बसवलं. आत्या मंडपात आलीच नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी पोरं आली तेव्हा ती मशीनवरून उठली नाही. "तुमचे गुरुजी ते तिकडे बसलेत," तिने वडिलांकडे बोट दाखवलं.

वडील चिडले. "घरातल्याचाच झाला ना सत्कार? एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"मग दादा, घरातल्यानेच शिकवावं."

ते बसले, हे मान्य करते. कागद आडवा धरला, उभा धरला. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिघांची भरती त्याच आठवड्यात होती, तिघेही घमेल्यावर गेले. आत्याची शिकवणी पुन्हा कधी भरली नाही. मला तिचाही राग यायचा. तिच्या अपमानाचा भुर्दंड त्या पोरांनी का भरावा? आजही येतो, पण मला तो शोभत नाही.

कारण मंडपात वडिलांना ओवाळलं ते मी. बारा वर्षांची होते, नवा परकर-पोलका होता, सगळे माझ्याकडे बघत होते. घरी आल्यावर आत्याने मला जवळ घेतलं आणि विचारलं, "ओवाळताना हात थरथरला का गं तुझा?"

"नाही," मी म्हटलं. ताट अगदी सरळ धरलं होतं, हेही वर सांगितलं.