पहिल्या गटातली लेक

प्रसूती रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे खोलीला लागून, रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकू बसायच्या. सगळे त्यांना गटवाल्या काकू म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. बाळंत झालेल्या प्रत्येक बाईचा कागद त्यांच्या टेबलावर यायचा आणि काकू तिला दहापैकी एका गटात बसवायच्या. पहिली खेप की पुढची, आधी सिझर झालंय का, मूल एक की जुळं, डोकं खाली आहे का, दिवस भरलेत का, कळा आपोआप आल्या की औषधाने आणल्या. एवढं कळलं की झालं. महाराणी येवो की मोलकरीण, अकरावा गट नाहीच! ही वाटणी पहिल्यांदा शिकवली तेव्हा काकूंनी तोंडात बोट घातलं होतं. जगातली कुठलीही बाळंतीण या दहांत बसते, म्हणजे काय चेष्टा आहे?

दर महिन्याला कुठल्या गटात किती सिझर झाली ते मांडायचं. त्यातला पहिला गट सगळ्यात सरळ: पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच मूल, डोकं खाली, कळा आपोआप. आणि नेमकी तिथेच शंभरात चौतीस सिझर! ऑपरेशनला काकू नावं ठेवत नव्हत्या. कित्येक मायलेकरं त्याच्यामुळेच घरी गेलेली त्यांनी पाहिली होती. पण चौतीस? डॉक्टर म्हणायचे, हल्लीच्या मुली नाजूक.

"नाजूक म्हणे! आणि यांच्या आया काय दगडाच्या होत्या?" असं पुटपुटत काकूंनी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत जुने कागद उपसले. तेव्हा दिसलं ते असं. यातल्या बहुतेक मुली गर्भाशयाचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटर उघडलेलं असताना दाखल झाल्या होत्या. लगेच खाट, लगेच सलाइन, आणि आठ तासांनी कागदावर शेरा: 'प्रगती नाही'. अहो, प्रगती होणार कुठून? बाळंतपण अजून धड सुरूच झालं नव्हतं!

काकूंनी हे सगळं एका पानावर लिहून वर पाठवलं. मुख्य डॉक्टर मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. "काकू, आम्ही दिवसभर त्या खोलीत असतो. आम्हाला दिसलं नाही ते तुम्हाला खुर्चीत बसून दिसलं?"

तेव्हापासून नवी पद्धत आली. आई-बाळ ठीक असतील तर पाच सेंटिमीटरपर्यंत प्रसूतीच्या खोलीत घ्यायचं नाही. बाहेर फिरायचं, खायचं, आणि सिस्टरनी बाळाचे ठोके ऐकत राहायचं. पाच महिन्यांत चौतिसाचे एकवीस झाले. काकूंची मान त्या दिवसांत जरा ताठच असायची, खोटं कशाला बोला?

मग एका सकाळी आठ वाजता काकूंची स्वतःची लेक कळा देत दारात उभी राहिली. पहिला गट, शंभर टक्के.

सिस्टरनी तपासलं. तीन सेंटिमीटर, ठोके छान. "जा, फिरा."

दहा वाजले तरी साडेतीनच. लेक खिडकीच्या गजांना लटकली होती. जावई पाण्याची बाटली धरून उभे, चेहरा पांढराफटक. लेक ओरडली, "आई, तुझं इथे चालतं ना? सांग त्यांना, कापा म्हणावं. तुझ्या आकड्यासाठी मला मारतेस का?"

काकूंच्या मनात आलं, आपणच लिहिलेल्या पानापायी पोरीला काही झालं तर? त्या धावत जाऊन मॅडमना घेऊन आल्या. मॅडमनी लेकीला बाकावर बसवून स्वतः ठोके ऐकले आणि त्या तिच्याशेजारी बसल्या. "तू म्हणशील तर करू. पण आत्ता मला कारण दिसत नाही, बाळ मजेत आहे. कारण दिसलं की मी कुणाला विचारायलाही थांबणार नाही."

"खात्री आहे?" काकूंनी विचारलं.

"खात्री कसली देऊ, काकू? लक्ष आहे, एवढं सांगते."

लेकीने आईकडे पाहिलं. "तू सांग. तू म्हणशील ते."

काकूंनी तिचा हात धरून तिला उभं केलं. "चाल," त्या म्हणाल्या. "मी आहे. शिव्या द्यायच्या तर दे मला, पण चाल."

आणि तिने दिल्या! तीन तास, न थांबता, सगळ्या मजल्याला ऐकू जातील अशा.

एक वाजता पाच सेंटिमीटर झाले आणि तिला आत घेतलं. सोबत एकाच बाईला परवानगी होती. काकू आत गेल्या आणि दारातच थबकल्या. पन्नास हजारांवर जन्म त्यांनी लिहिले होते, पाहिला मात्र एकही नव्हता. स्वतःच्या वेळी तर भूल दिली होती; शुद्धीवर आल्या तेव्हा मूल दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं.

साडेचारला काळेभोर ओले केस दिसले. डोकं पुढे यायचं, मागे जायचं. लेकीने काकूंचं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली. मग डोकं बाहेर आलं, आणि कुणी हात न लावता ते इवलंसं डोकं आपणहून एका कुशीला वळलं, जणू खांद्यांना वाट करून द्यायची हे त्याला ठाऊकच होतं. कुणी शिकवलं असेल याला? खांदे आले, मागोमाग सगळी पोरगी सळकन आली. निळसर, चिकट, संतापलेली. नाळ अजून धडधडत होती. मग ती रडली.

काकूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"काकू, वेळ लिहून घेताय ना?" सिस्टर म्हणाल्या. "पहिला गट, नॉर्मल?"

"थांब गं बाई," काकू म्हणाल्या. "आधी मला बघू दे."